शेरा – शांत, चांगला

१६ जून, सोमवार

रामनामाच्या या वहीत एक्केचाळीस पानं कोरी राहिली आहेत. गेल्या श्रावणापासून नाव लिहायला हात उचलत नाही. देवावर राग नाही. राग असता तर कळलं असतं. पानं चांगली आहेत, शाई पाठीमागे उमटत नाही. रद्दीत घालायला जीव होत नाही, म्हणून रोजचं काही असेल तर इथे लिहायचं ठरवलं.

आज सिलिंडर बदलला. मागचा अडतीस दिवस गेला. रोहित होता तेव्हा सव्वीसच्या पुढे कधी गेला नाही. त्याला अंघोळीला पातेलंभर कढत पाणी लागायचं, उन्हाळ्यातसुद्धा.

शंकराला बेल वाहिला. यांचा डबा अर्धा परत आला.

१७ जून, मंगळवार

यांच्या मिलमध्ये नवीन मशीन आलंय असं लोटू दारावरून सांगून गेला. लोटू म्हणजे यांच्या हाताखालचा फिटर, आमच्याच पारोळ्याकडचा. "वहिनी, आता डॉक्टरला मशीन मिळालं," म्हणाला आणि हसला. मी यांना वाढताना विचारलं, कसलं मशीन. मी शेगडीपाशी होते. उत्तर नाही. पोळी ताटात टाकायला समोर गेले आणि पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "पिस्तुलासारखं आहे. वाफेचा आवाज ऐकतं."

एवढंच. दिवसात तीन-चार वाक्यं होतात. मी मोजत नाही, पण लक्षात राहतं.

१९ जून, गुरुवार

लोटूचं "डॉक्टर" हे नाव जुनं आहे. हे पांडेसऱ्याच्या त्या डाइंग मिलमध्ये सत्तावीस वर्षं वाफेच्या लाईनवर आहेत. लग्न झालं तेव्हा मी विचारलं होतं, तुम्ही नक्की करता काय. तेव्हा हे पुष्कळ बोलायचे. म्हणाले, बॉयलरमधून वाफ निघते, कपडा रंगवायच्या मशीनपर्यंत पाइपातून जाते. वाटेत थंड होऊन तिचं पाणी होतं. ते पाणी काढून टाकायला जागोजागी एकेक ट्रॅप बसवलेला असतो. "ट्रॅप म्हणजे दरवान," म्हणाले. "पाण्याला बाहेर सोडतो, वाफेला अडवतो. दरवान झोपला की घात."

आणि दरवान जागा आहे का हे बघायला हे ट्रॅपवर पेचकस टेकवायचे आणि दुसरं टोक कानाला लावायचे. कुठला ट्रॅप गळतो, कुठला आजारी, हे ऐकून सांगायचे. म्हणून डॉक्टर. नवीन लग्न होतं, मला फार अभिमान वाटला होता. माहेरच्या पत्रात मी ते लिहिलंही होतं.

आता साहेबांनी, हितेशभाईंनी, हे मशीन मागवलं. जो आवाज माणसाच्या कानाला येतच नाही इतका बारीक, तो हे मशीन पकडतं आणि हेडफोनमधून ऐकवतं. मिलमध्ये चौऱ्याण्णव ट्रॅप आहेत. सगळे तपासायचं काम यांनाच दिलंय. हितेशभाई म्हणाले म्हणे, "मशीनवर आकडा येतो, पण आपल्याला आकडा नको, सुकलालभाई. आपल्याकडे तुमचा कान आहे."

मी म्हटलं, चांगलं झालं. हे उठून हात धुवायला गेले.

२२ जून, रविवार

आज हे लिहून टाकते. एकदा लिहिलं की मग रोज आठवायला नको.

गेल्या वर्षी श्रावणातली आमची देवी, कानबाई, आमच्याकडे बसली होती. भाऊबंदांत पाळी फिरते, ती आमच्यावर आली. डिंडोलीच्या या दोन खोल्यांत पस्तीस माणसं जेवली. शनिवारी संध्याकाळीच रोहितच्या अंगात ताप होता. कतारगामहून हिऱ्याचं काम करून आला तो सरळ आडवा झाला. रविवारी म्हणाला, "मम्मी, दवाखान्यात जाऊ." मी म्हटलं, घरात देवी बसलीय, घर सोडून कुठे जायचं, उद्या सकाळी तिला उठवू की लगेच जाऊ. गोळी दिली, अंगारा लावला. रविवारी दवाखान्यात तपासायचेही जास्त घेतात, हेही माझ्या मनात आलं होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन मी विसर्जनाला गेले. यांना म्हटलं, तुम्ही त्याच्यापाशी थांबा. साडेअकराला परत आले, तर रोहित मोरीपाशी जमिनीवर पडलेला, आणि हे बाहेर ओटल्यावर बसलेले. दवाखान्यात नेलं. बुधवारी गेला. डेंग्यू होता. तेवीस वर्षांचा.

तेराव्याला शेजारच्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पोराच्या हाका आमच्याकडे ऐकू येत होत्या. वाटलं, घरात माणूस आहे." त्या मलाच ऐकवत होत्या. मी घरात नव्हते.

त्याच संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. हे मोरीत हातपाय धूत होते. मी दारात उभी राहून म्हटलं, मी त्याला थांबवलं, माझ्यामुळे गेला, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. यांनी नळ बंद केला, टॉवेल घेतला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

तेव्हापासून हे असंच आहे. शिक्षा म्हणून मी ती घेतली. बरोबरच आहे.

२४ जून, मंगळवार

खाडीला पाणी आलं. पर्वत पाटियाकडे सरस्वतीताईंच्या गल्लीत गुडघाभर. त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. फोनवर म्हणाल्या, गहू माळ्यावर चढवला. आमच्याकडे पाणी नाही.

२७ जून, शुक्रवार

तपासणीचं रजिस्टर घरी आलं. हे चिठ्ठ्यांवर लिहून आणतात, सातवीपर्यंत शिकलेत, अक्षर खडबडीत. मी ते रजिस्टरात नीट उतरवते. चार रकाने आखले: नंबर, जागा, आवाज, शेरा. पट्टी रोहितची होती, शाळेतली.

आज अठरा ट्रॅप झाले. त्यांतले पंधरा "शांत, चांगला." मी लिहिताना म्हटलं, बरं आहे, मिल चांगली ठेवलीय तुम्ही. हे दिव्याच्या पलीकडे बसले होते, मान खाली. ऐकूनसुद्धा न ऐकल्यासारखं केलं.

२ जुलै, बुधवार

देवळात जाताना यांना सांगून गेले की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. परत आले तर गल्लीच्या तोंडापासून करपल्याचा वास. कुकर कोरडा, डाळ तळाला कोळसा. हे ओटल्यावर, रस्त्याकडे तोंड, दाराकडे पाठ. रोज संध्याकाळी तिथेच आणि तसेच बसतात, पाहुण्याने बसावं तसे. चहाला आतून चार हाका मारल्या तरी उठत नाहीत, हातात नेऊन द्यावा लागतो.

कुकरचं मी काही बोलले नाही. तळ वाळूने घासला. निघालं बरंचसं. माणसाने रागही काढला नाही तर त्याचं काय करायचं, ते मला समजत नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. दोघांचा उपास. सरस्वतीताई आल्या, साबुदाणा घेऊन. त्या घरात अहिराणीच बोलतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुमन, तो बोलस का तुनासंगे?"

मी म्हटलं, लागेल तेवढं बोलतात.

"आनि तू? तू एकदाव रडी ले वं माय. दगड व्हई जाशी."

मी म्हटलं, साबुदाणा छान झालाय.

यंदा कानबाई त्यांच्याकडे बसणार. भाऊबंदांनी रोहितचं वर्षश्राद्ध जेठातच उरकून घेतलं ते त्यासाठीच, म्हणजे सणाला अडचण नको. रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचा, गहू मात्र प्रत्येक घरातून जातो, घरात जितके पुरुष तितक्या सव्वा-सव्वा मुठी, एकेकाच्या नावाने. ताईंनी विचारलं, "तुम्हनाकडथून कितला?"

मी म्हटलं, "दोन."

ताई पदराने चष्मा पुसत बसल्या. मी कप विसळायला आत गेले तेव्हा लक्षात आलं. मग परत बाहेर जाऊन सांगायला काही सुचलं नाही. हे तिथेच बसले होते. यांनीही दुरुस्त केलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

चौऱ्याण्णव पूर्ण. बेरीज काढली: एकाहत्तर "शांत, चांगला", चौदा गळतात, नऊ बदलायचे. रजिस्टराला खाकी कव्हर घातलं. हितेशभाईंनी यांच्याकडे निरोप दिला की भाभींचं अक्षर छापल्यासारखं आहे. शाळेतही बाई असंच म्हणायच्या.

१७ जुलै, गुरुवार

काही नाही. दूध नासलं, त्याचं पनीर केलं.

१९ जुलै, शनिवार

हे दुपारीच घरी आले. शर्टाच्या बाहीला काजळी. म्हटलं, काय झालं. "लाईन बंद आहे," म्हणाले आणि ओटल्यावर जाऊन बसले. जेवले नाहीत.

२० जुलै, रविवार

हितेशभाई घरी आले. बत्तीस-तेहतीसचे असतील, चेहरा उतरलेला. एका हातात माझं रजिस्टर, दुसऱ्या हातात काळी पेटी. हे दाराकडे पाठ करून टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही नेहमीसारखा मोठ्याने.

हितेशभाईंनी रजिस्टर उघडून मला विचारलं, "भाभी, आ अक्षर तमारा छे?"

मी म्हटलं, हो. हे सांगतात, मी लिहिते.

मग त्यांनी सांगितलं. काल ड्रमच्या लाईनमध्ये घण बसावा तसा दणका झाला. पाइपाचा सांधा फुटला, वाफ बाहेर आली. लोटू शिडीवर होता, त्याने उडी मारली. मनगट मोडलं. तोंडावर वाफ आली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

"बावन्न नंबर," ते म्हणाले आणि बोट ठेवलं. माझ्याच अक्षरात होतं. शांत, चांगला.

मी म्हटलं, शांत म्हणजे चांगलंच ना?

"नाही, भाभी. चांगला ट्रॅप शांत नसतो. थोड्या थोड्या वेळाने टक् करतो, उघडतो, पाणी सोडतो, परत मिटतो. सारखा सूं करतो तो गळका. आणि जो अजिबात आवाज करत नाही, तो चोक झालेला. त्याच्या मागे पाणी साठत जातं. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस वाफ ते पाणी उचलते आणि आपटते." त्यांनी पानं उलटली. "एकाहत्तर चोक ट्रॅप असते तर मिल चाललीच नसती. म्हणजे पुष्कळ चांगले पण असणार. यांना दोन्ही सारखेच वाटले. असं का झालं, तेच बघायला आलोय."

मग त्यांनी खिशातून बाइकच्या चाव्या काढल्या आणि यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, खुळखुळवल्या. हे टीव्ही बघत होते. मी टीव्ही बंद केला, तेव्हा हे वळले आणि हितेशभाईंना बघून उभे राहिले. "साहेब, केव्हा आलात?"

ते येऊन वीस मिनिटं झाली होती.

हितेशभाईंनी मला हळूच विचारलं, "केव्हापासून आहे हे?"

मी म्हटलं, "रोहित गेल्यापासून बोलत नाहीत."

"बोलायचं नाही विचारत, भाभी. कानाचं विचारतोय."

मला प्रश्नच कळला नाही. खरं सांगते, तेव्हा नाही कळला.

त्यांनी पेटीतून पिस्तूल काढलं, यांच्या कानावर हेडफोन चढवले आणि पिस्तुलासमोर दोन बोटं एकमेकांवर घासली. "ऐकू येतं?" हे मान हलवेनात. मग त्यांनी आवाजाची चकती फिरवली. चारवरून सहा, आठ, दहा. पुन्हा बोटं घासली. यांचे डोळे एकदम मोठे झाले. कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा तसे दचकले.

"सुकलालभाई, चकती वाढवायची होती ना! मशीनमध्ये दिलीय कशाला?"

हे म्हणाले, "लोटू सोबत होता. त्याला कळलं असतं."

हितेशभाई म्हणाले, "म्हणजे पेचकसाने पण ऐकू येत नव्हतं? इतकी वर्षं?"

"हाताने कळायचं," हे म्हणाले. "पाण्याचा थेंब टाकला की कळायचं. पेचकस लोकांसाठी."

मग हेडफोन काढले, टेबलावर नीट ठेवले आणि ओटल्यावर जाऊन बसले.

मी हितेशभाईंना विचारलं, मी ऐकू का. आवाज कमी करून त्यांनी माझ्या कानावर चढवलं. माझ्याच बांगड्या, केवढ्या मोठ्या! शेगडी, पावसासारखी. नळाच्या तोंडाशी बारीक सूं. मी पिस्तुलाजवळ तोंड नेऊन "अहो" म्हटलं. काहीच आलं नाही.

"माणसाचं बोलणं यात येत नाही, भाभी. फक्त गळणं आणि घासणं."

ते चहा न घेता गेले. जाताना म्हणाले, दवाखान्यात कान तपासून कागद आणा, मग शेठना काय सांगायचं ते बघतो.

२१ जुलै, सोमवार

एकादशी. उपास.

तेराव्याच्या दिवशी नळ चालू होता आणि यांची पाठ माझ्याकडे होती.

म्हणजे यांनी ऐकलंच नाही.

हे कळल्यावर मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी थांबून बघितलं. डाळीचे दोन डबे घासले, उन्हात ठेवले. ऊन नव्हतं. तरी ठेवले.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. आजच दवाखान्याची तारीख होती.

काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. आवाज आला की यांनी बटण दाबायचं. बाहेरून मला दिवा दिसायचा. कितीतरी वेळ दिवा लागायचाच नाही, आणि हे डोळे मिटून, सगळा जीव कानात आणून बसलेले. पोथी ऐकायला बसावं तसे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आलेख दाखवला. रेघ सुरुवातीला बरी चालते, मग विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. म्हणाल्या, मशीनच्या गोंगाटात राहून असं होतं. पातळ, उंच आवाज आधी जातात: शिट्टी, घंटी, चावी. समोर बसून बोललं तर ओठ बघून कळतं. पाठीमागचं कळत नाही.

"किती वर्षांपासून कमी येतंय, काका?"

"एक वर्ष," हे म्हणाले.

बाईंनी आलेख पुन्हा बघितला. "नाही हो. दहा तरी असतील."

मी विचारलं, "आतल्या खोलीतून कुणी हाक मारली तर?"

"तोंड दुसरीकडे असेल आणि रस्त्याचा आवाज असेल, तर नाही यायची."

"आजारी माणसाची हाक?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आजारी माणूस मोठ्याने ओरडत नाही ना, आई. कशी येईल?"

हे आपल्या चपलांकडे बघत होते. बाईंनी कानाचं मशीन घ्यायचा सल्ला दिला, कागदावर शिक्का दिला. बाहेर येऊन रिक्षाची वाट बघताना मला चंद्रभागाबाईंचं बोलणं आठवलं. घरात माणूस आहे. त्या मला ऐकवत नव्हत्या.

२८ जुलै, सोमवार

हितेशभाईंचा फोन. शेठ कामावरून काढा म्हणत होते, त्यांनी थांबवलं. आता आवाजाबरोबर मशीनवरचा आकडा आणि ट्रॅपच्या दोन्ही बाजूंची गरमी, हे तिन्ही लिहायचं. "आकडा बघायला कान लागत नाही, भाभी. माझीच चूक झाली. मीच म्हटलं होतं, आकडा नको." चौऱ्याण्णव पुन्हा तपासायचे. रजिस्टर मीच लिहायचं. लोटूच्या घरी मी लाडू घेऊन गेले. त्याच्या हाताला प्लास्टर आहे, पण स्वभाव तसाच. म्हणाला, "वहिनी, डॉक्टरचे कान खराब आणि कंपाउंडरचा हात मोडला, आता दवाखाना तुम्हीच चालवा."

यांना घरी येऊन मी समोर बसून सगळं सांगितलं. नोकरी राहिली म्हणून. यांनी मान हलवली. एवढंच.

नोकरीची काळजी यांना नव्हतीच, असं मला वाटलं.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई. रोटाचा गहू आज दळायला टाकायचा, दुपारपर्यंत ताईंकडे पोचवायचा.

सकाळी गहू निवडायला बसले. हे ओटल्यावर होते, नेहमीसारखे, दाराकडे पाठ. सुट्टी घेतली होती. मी सूप खाली ठेवलं. रजिस्टरातून एक पान घेतलं, चार रकाने होतेच.

मोरीपासून ओटल्यापर्यंत पावलं मोजली. अकरा. मग मोरीपाशी, तो होता त्या जागी, जमिनीवर बसले. बसल्यावर आवाज वेगळा निघतो, म्हणून.

पहिली हाक मारली, "अहो." नेहमीच्या आवाजात. हे हलले नाहीत.

दुसरी मोठ्याने. पलीकडून भिंतीवरून चंद्रभागाबाईंनी डोकं काढलं, "काय झालं वं, सुमन?" मी हाताने काही नाही म्हटलं. हे हलले नाहीत.

तिसरी हाक मी "पप्पा" म्हणून मारली. तो तसंच म्हणायचा. ती मोठ्याने निघाली नाही.

लिहिलं: अंतर अकरा पावलं. हाका तीन. शेजारी ऐकू गेल्या. ओटल्यावर नाही. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते समजेना, तो कोरा ठेवला.

मग बाहेर जाऊन यांच्यासमोर, रस्त्याकडे पाठ करून, खालच्या पायरीवर बसले. यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, "रविवारी तो दवाखान्यात जाऊ म्हणाला होता. मी थांबवलं. देवी उठू दे म्हटलं."

"काय?"

मला पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्याने. गल्लीत भाजीवाला उभा होता, चंद्रभागाबाई भिंतीशीच होत्या. सगळ्यांनी ऐकलं असेल. "मी त्याला थांबवलं. मी!"

मी वाट बघितली. एक वर्ष बघितली होती, अजून थोडी.

"मी इथंच बसलो होतो," हे म्हणाले.

"माहीत आहे."

"इथंच. असाच."

"हो."

"रोज बसतो. म्हणतो, एवढं काही लांब नाही. नीट लक्ष दिलं तर यायला पाहिजे. चहाला तू हाक मारतेस ना, ती तरी येते का बघतो."

मी रजिस्टराचं पान यांच्या हातात दिलं. यांनी ते दोनदा वाचलं, रकान्यावरून बोट फिरवत, ट्रॅपचं वाचतात तसं. कोऱ्या जागेवर बोट थांबलं.

"नाही येत," मी म्हटलं. "इथपर्यंत नाही येत. कितीही लक्ष दिलं असतं, तरी."

यांनी पानाची घडी घातली, खिशात ठेवली. मग चष्मा काढला. चष्मा काढल्यावर यांचा चेहरा किती बारीक झालाय ते मला दिसलं. रडले नाहीत. मीही नाही. भाजीवाल्याने विचारलं, भेंडी देऊ का. मी पाव किलो घेतली.

गहू उरकायचा होता. मी आत येऊन डबा उघडला. थोड्या वेळाने हे आत आले. ओटल्यावर परत बसले नाहीत. माझ्यासमोर, परातीपलीकडे मांडी घालून बसले, म्हणजे माझं तोंड दिसेल असे.

ताईंना मी दोन सांगितले होते.

मी मूठ भरली, परातीत सोडली. वर पाव मूठ. कानबाईला हात जोडले, यांचं नाव घेतलं. लग्नात घेतलं होतं, त्यानंतर आजच. मग हात परत डब्यात गेला आणि तिथेच राहिला. हे बघत होते. मी हात रिकामा बाहेर काढला, झाकण लावलं, आणि यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "एक."